शेवटचे पान

मी शिक्षकाच्या पेशात नुकताच पडलो होतो त्या वेळची ही गोष्ट. नववीच्या वर्गात भूगोलाचा तास चालला होता. मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा फळ्यावर काढून मी मागे वळलो, तो शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी नकाशांच्या पुस्तकात प्रमाणाबाहेर गढलेला दिसला. नकाशात इतके गढण्यासारखे काही असते असा माझा, भूगोलाचा शिक्षक असूनही, अनुभव नव्हता. सबब मी हळूच जवळ गेलो. नकाशाच्या आड रहस्यकथेचे एक जुने पुस्तक होते. मुखपृष्ठ गेलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पाने पिवळी पडलेली. चार पाने चाळताच हे पुस्तक आपण महाविद्यालयात असताना वाचलेले आहे अशी माझी खात्री पटली. पुस्तक जप्त करणे हा माझा अधिकारच होता, आणि तेवढ्यावर मी थांबतो तर प्रस्तुत लेख लिहिण्याची पाळी मजवर न येती. परंतु तरुण शिक्षकास वर्गाचे हसू फार प्रिय असते. मी पुस्तक उंच धरले आणि म्हणालो, “एवढा जिवाला घोर कशाला लावून घेतोस? खून मुनिमाने केला आहे. झाले समाधान? आता मोसमी वाऱ्यांकडे लक्ष दे.”

वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही, आणि रागावलाही नाही. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले व खाली मान घातली. कोणाच्या हातातली भाकरी काढून घ्यावी आणि वर ‘आता भूक उरली नाही ना?’ असे विचारावे, तशातला तो प्रकार होता हे मला त्याच क्षणी जाणवले. पण घंटा झाली आणि मी पुढल्या वर्गावर गेलो. सत्र संपल्यावर पुस्तक परत केले. त्याने ते मुकाट्याने दप्तरात घातले. शिक्षा केली ह्याचे मला आजही वाईट वाटत नाही. शेवट सांगितला ह्याचे वाटते.

ही जुनी गोष्ट ह्या वर्षी पुन्हा मनात येण्यास पालकसभा कारण झाली. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास व ग्रंथालयाचा तास बंद करावा, ते दोन्ही तास गणित व इंग्रजी ह्या विषयांस द्यावेत, आणि घरीही वर्षभर सामने, चित्रपट व गोष्टींची पुस्तके ह्यांस मज्जाव असावा, अशी सूचना सभेत आली. बहुतेकांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, “सर, पोरगी खो-खो लई चांगली खेळते, मान्य आहे. पण खो-खोनं पोट भरतं का?” त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. त्या दिवशी जे तोंडातून निघाले नाही ते ह्या पानांवर लिहीत आहे. लेखणी जिभेपेक्षा धीट असते, निदान माझी तरी.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, सूचना करणाऱ्या पालकांचा मी उपहास करीत नाही. जिंतूरच्या रस्त्यावरील ह्या आपल्या बोरी गावात व भोवतालच्या खेड्यांत बहुतेकांची शेती आभाळाकडे डोळे लावून बसणारी आहे. कापूस, सोयाबीन, तूर. एक पाऊस चुकला की वर्ष गेले, आणि एक पाऊस जास्त झाला तरी वर्ष गेलेच. ज्या बापाने बोंडे काळी पडताना पाहिली आहेत, त्यास मुलाच्या गुणपत्रिकेवरील आकडा हीच एक अशी मालमत्ता वाटते की जी पावसात भिजत नाही. मीही अशाच घरातून आलो. माझी फी कोणत्या वर्षी कशी भरली गेली हे मला माहीत आहे. तेव्हा ‘पोट भरते का?’ हा प्रश्न क्षुद्र आहे असे मी मुळीच म्हणणार नाही.

त्या प्रश्नास एक सोपे उत्तर माझ्यापाशी होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने पटकाविली, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्याच खेळाडूंकडे होते: प्रियंका इंगळे व प्रतीक वायकर. हे मी सभेत सांगितले असते तर टाळ्या पडल्या असत्या. परंतु ते उत्तर खोटे ठरले असते. आपल्या शाळेच्या पटांगणावर धावणाऱ्या मुलींपैकी बहुधा कोणीही विश्वचषकास जाणार नाही, आणि ‘खेळू द्या, कारण कदाचित अजिंक्यपद मिळेल’ असे म्हणणे म्हणजे पालकांच्या हातातील तराजू तसाच ठेवून फक्त वजन बदलणे होय. त्याचप्रमाणे ‘खेळाने बुद्धी तल्लख होते, सबब गुण वाढतात’ हे जे आम्ही शिक्षक लोक वरचेवर सांगतो, तेही मला लाचेसारखे वाटते. माझे म्हणणे निराळे आहे. मुलांचे आयुष्य बव्हंशी मधल्या पानांवर जावयाचे आहे आणि आपण त्यांस केवळ शेवटचे पान वाचावयास शिकवीत आहो.

हे नीट कळावे म्हणून एका सामन्याची हकीकत सांगतो. ती आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील वडीलधाऱ्यांस तोंडपाठ असे. हल्लीच्या मुलांस मात्र विजय हजारे हे नाव एका चषकाचे म्हणूनच माहीत आहे. हजारे सांगलीस १९१५ साली एका शाळामास्तरांच्या घरी जन्मले. घरात आठ भावंडे होती. त्या काळी मुंबईस क्रिकेटची जी मोठी स्पर्धा होई तीत संघ धर्मावरून पाडलेले असत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान, आणि ह्यांपैकी कोणातच न बसणाऱ्यांचा एक ‘इतर’ नावाचा संघ. ख्रिस्ती खेळाडू ह्या इतरांत मोडत. ही वाटणी गांधीजींस पसंत नव्हती, आणि १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली हे योग्यच झाले. पण १९४३ च्या हंगामाचा अंतिम सामना ब्रेबर्न मैदानावर हिंदू व इतर ह्यांच्यात झाला त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

हिंदूंनी ५ गडी बाद ५८१ धावा करून डाव सोडला. त्यांत एकट्या विजय मर्चंटांच्या नाबाद २५० होत्या. उत्तरादाखल इतरांचा सगळा डाव १३३ धावांत आटोपला. लगेच दुसरा डाव सुरू झाला आणि त्यातही गडी भराभर परतू लागले. सामना हरला आहे हे आता मैदानावरच्या लहान पोरासही कळत होते. अशा वेळी विजय हजारे ह्यांच्या जोडीस त्यांचे धाकटे बंधू विवेक आले, आणि ह्या दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी रचली. विजय एकटे ३०९ धावांवर बाद झाले. संघाची एकूण धावसंख्या ३८७, त्यांतील ३०९ एकाच्या! अशी उदाहरणे क्रिकेटच्या इतिहासात शोधूनच काढावी लागतील.

पण माझे लक्ष नेहमी धाकट्या भावाकडे जाते. ३०० धावांच्या त्या भागीत विवेक ह्यांचा वाटा किती? २१. मुलांनो, गणिताच्या तासाला शिकविलेले आठवून पाहा: ३०० पैकी २१ म्हणजे शेकडा ७. आमच्या गुणपत्रकात ह्या आकड्याखाली तांबड्या शाईची रेघ येते. परंतु हा मनुष्य तासन्‌तास एका टोकाला उभा राहिला, मोहाचे चेंडू त्याने सोडून दिले, आणि दुसऱ्या टोकाला भाऊ खेळत आहे तोवर आपण बाद व्हावयाचे नाही एवढेच त्याने मनाशी धरले. तो नसता तर ३०९ कोठल्या? बरे, शेवटचे पान काय सांगते? हिंदू संघ एक डाव व ६१ धावांनी विजयी. बस्स. ज्याने फक्त निकाल वाचला त्याच्या हाती काय आले ते पाहा. हरणार हे नक्की ठाऊक असलेल्या सामन्यात एक भाऊ त्रिशतक काढतो व दुसरा एकवीस धावांवर दिवस काढतो, ह्यातील काहीच त्याच्यापर्यंत पोहोचले नाही. पुढे १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध हजाऱ्यांनी एकाच कसोटीत ११६ व १४५ अशी दोन शतके काढली. तो सामनाही आपण डावाने हरलो. १९५२ साली मद्रासेस भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार हजारेच होते. पण मला विचाराल तर ह्या गृहस्थांची परीक्षा त्या दोन पराभवांत अधिक झाली होती.

हे जुने झाले म्हणाल तर आपल्या मराठवाड्यातील अगदी अलीकडील गोष्ट घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावला. ह्या शर्यतीवर केनियाच्या धावपटूंची जणू वतनदारीच होती. साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत शर्यत पुरी केली आणि सुवर्णपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाने पाच अंकांनी हुकले. रुपेरी पदक मिळाले. दुसऱ्या दिवशी वर्गात चौकशी केली तेव्हा जवळजवळ सर्वांनी ती शर्यत ‘पाहिली’ होती. म्हणजे मोबाइलवर शेवटचे अर्धे मिनिट पाहिले होते. मी विचारले, एका शर्यतीत अडथळे किती असतात? कोणासही सांगता येईना. अठ्ठावीस, आणि त्याशिवाय पाण्याच्या सात उड्या. बूट भिजतात व जड होतात, पुढच्या अडथळ्याचा अंदाज चुकला तर तोंडावर पडावे लागते, आणि हे सारे आठ मिनिटे चालते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात जे दिसते ते ह्या आठ मिनिटांत घडलेले असते. ज्याने ती पाहिली नाहीत त्यास पाच शतांश सेकंदांचा जीव किती असतो हे कसे कळावे?

आता चित्रपटांकडे वळतो. चित्रपटांविषयी शिक्षकाने चांगले बोलावे की नाही हा आमच्या पूर्वीच्या पिढीत वादाचा विषय होता, आणि माझे वडील ह्या वादात ‘नाही’ पक्षाचे होते. तरी एकदा ते आम्हा दोघा भावंडांस परभणीच्या उरुसाला घेऊन गेले असता आम्ही हट्टाने तंबूतला सिनेमा पदरात पाडून घेतला. जमिनीवर बसावयाचे, पुढच्याच्या टोपीच्या बाजूने पाहावयाचे, आणि मागे यंत्राची घरघर. चित्रपट ऐन रंगात आला, नायिकेच्या हातात पत्र पडले, आणि वीज गेली ती आलीच नाही. गाडीची वेळ झाली म्हणून वडिलांनी आम्हांस उठविले. त्या पत्रात काय होते ते मला आजतागायत ठाऊक नाही. परंतु घरी पोहोचेपर्यंत आम्ही भावंडांनी त्या गोष्टीचे चार शेवट केले, व पुढे वर्षभर निजताना आणखी किती केले त्यास गणती नाही. तो चित्रपट आज शोधला तर सापडेलही. मी शोधलेला नाही.

हल्ली ‘संपूर्ण कथा दहा मिनिटांत’ अशी चित्रे मोबाइलवर मिळतात. एक मनुष्य घाईघाईने सगळा चित्रपट सांगून टाकतो व मुले म्हणतात, पाहिला. मी त्यांस विचारतो की, आमच्या आजोबांच्या पिढीने १९३६ चा ‘संत तुकाराम’ पुनःपुन्हा का पाहिला असेल? दामले आणि फत्तेलाल ह्यांनी प्रभातमध्ये काढलेल्या त्या चित्रपटाचा शेवट महाराष्ट्रातील प्रत्येक माणसास तिकीट काढण्यापूर्वीच माहीत होता! तुकोबांचे काय झाले हे कळावे म्हणून कोणी गेला नसेल. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पाहावा, आवलीची कटकट ऐकावी, आणि त्या कटकटीखालची माया दिसावी म्हणून लोक गेले. शेवट ठाऊक असूनही मधले पाहवेसे वाटते, ह्यावरून खरी मौज कोठे असते ते उघड होते.

ह्याच संबंधात दादासाहेब फाळके ह्यांची एक हकीकत मला फार आवडते. आपल्या देशातील पहिला मोठा कथापट ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी १९१३ साली काढला हे पाठ्यपुस्तकांत असते. मुंबईत प्रभू येशूच्या चरित्रावरचा एक विलायती मूकपट पाहताना ‘असेच आपल्या कृष्णाचे चरित्र पडद्यावर का येऊ नये?’ असा विचार त्यांच्या मनात आला हेही पुष्कळांस माहीत आहे, आणि आपल्या शाळेत ते थोडे अभिमानाने सांगितलेही जाते. पण हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी एक इवलासा पट केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला, आणि रोज थोडेथोडे चित्र घेत राहिले. महिन्याहून अधिक काळ हे चालले. मग ती फीत यंत्रावर चढवून फिरविली तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाण्याला अंकुर फुटला, वेल झाला व वाढला. त्यावरून लोकांस विश्वास आला आणि पुढच्या कामास पैसा उभा राहिला. पाहणारांस ते एखाद्या मिनिटाचे नवल. फाळक्यांस मात्र ते महिनाभर रोजचे काम होते, आणि दाणा कुजला तर सगळे मुसळ केरात. तिफणीमागे चालणाऱ्या आपल्या पालकांस हे मी काय शिकवू? मृगात दाणा मातीआड केल्यावर दिवाळीचे पान उलटून पाहण्याची सोय त्यांस कोणी दिलेली नाही. तरी ते दर वर्षी पेरतात. मुलांच्या बाबतीतच त्यांचा हा धीर का सुटतो, हे मला कळत नाही. किंवा कळते, आणि म्हणूनच हे लिहिताना हात थोडा अडखळतो.

रहस्यकथांविषयी बोलल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही, कारण आरंभीचा गुन्हा तेथेच घडला आहे. बाबूराव अर्नाळकर ह्यांचे नाव आजच्या मुलांनी ऐकलेले नसेल. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. त्यांनी हजारावर पुस्तके लिहिली, आणि झुंजार व काळा पहाड हे त्यांचे नायक एके काळी महाराष्ट्रातील घराघरांत, बहुधा उशीखाली, वस्तीस असत. मराठी वाचावयाची सवय किती जणांस ज्ञानेश्वरीने लागली व किती जणांस काळ्या पहाडाने, ह्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर आम्हा भाषाशिक्षकांस थोडे ओशाळावे लागेल. त्यानंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकल आणि ‘ट्टॉक्’ हे त्याचे भांडवल. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. ही पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. मात्र दहावीच्या तासाबरोबर ती कपाटात बंद व्हावयाची आहेत.

चांगल्या रहस्यकथेत लेखक वाचकाशी सचोटीने वागतो. सगळा पुरावा तो आपल्यासमोर मांडतो. आपणच घाईने भलत्याकडे बोट दाखवितो. चेस्टरटन नावाच्या इंग्रज लेखकाने फादर ब्राउन नावाचा एक बुटका, छत्री विसरणारा धर्मगुरू गुप्तहेर म्हणून रंगविला आहे. त्याच्या पहिल्या कथा १९१० च्या सुमाराच्या. हा पाद्री गुन्हेगार कसा ओळखतो? तो पायांचे ठसे मोजीत बसत नाही. आपण स्वतःच त्या माणसाच्या जागी असतो तर हे कृत्य आपल्या हातून कसे घडले असते, ह्याचा तो विचार करतो. दुसऱ्याचे कपाट उघडण्यापूर्वी स्वतःचे उघडावयाचे, अशी त्याची पद्धत आहे.

ती पद्धत मला वेळेवर आठवली असती तर एक अन्याय टळला असता. काही वर्षांपूर्वी एक मुलगी रोज उशिरा येई. कधी पंधरा मिनिटे, कधी अर्धा तास. कारण विचारले तर खाली पाही. मी चार वेळा समज दिली आणि पाचव्या वेळी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘बेजबाबदार’ असा शेरा लिहिला. ती खो-खोच्या संघात होती. एके दिवशी खेळाचे शिक्षक सहज बोलता बोलता म्हणाले की, ह्या मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. दोन धाकटी भावंडे तिच्यापाशी. त्यांच्या भाकरी थापून, पाणी भरून, त्यांना शाळेत पोहोचवून ती येते. मी म्हणालो, “हे तिने मला कसे सांगितले नाही?” ते म्हणाले, “मलाही नाही सांगितलं. पटांगणावर दुसऱ्या पोरींना सांगत होती, ते कानावर आलं.” वर्गात चाळीस मिनिटे मी तिच्यासमोर उभा राही, सगळा पुरावा माझ्या डोळ्यांपुढे होता: हातावरचा चटका, भिजलेला परकर, पहिल्या तासाची पेंग. मी त्या मुलीचे शेवटचे पान आधीच लिहून मोकळा झालो होतो. शेरा खोडता येतो, पण शाईखालून तो दिसतोच. तो शेरा मी तिच्यासमोर खोडला. खेळाचा तास बंद करावा अशी सूचना सभेत आली तेव्हा मला प्रथम आठवले ते हे. पटांगणावर मुले बोलतात. तो तास काढून घेतला तर आम्हा शिक्षकांस कानावर येणारे ते थोडेसेही बंद होईल, आणि मग आम्ही शेरे लिहिण्यास अगदी मोकळे!

तेव्हा पालकांस माझी विनंती लहानशीच आहे. आठवड्यातला तो एक खेळाचा व एक ग्रंथालयाचा तास राहू द्यावा. गणितासाठी मी स्वतः शाळा सुटल्यावर थांबावयास तयार आहे. आणि मुलगा खेळून घरी आला की ‘जिंकलात का?’ ह्याच्या आधी ‘खेळ कसा झाला?’ असे एकदा विचारून पाहावे. मुले प्रथम चपापतील, कारण हा प्रश्न त्यांच्या कानास नवा आहे. पण थोडा वेळ थांबलात तर ती बोलू लागतील, आणि जेवण होईपर्यंत थांबणार नाहीत. विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. भूगोलाच्या तासाला नकाशाच्या आड पुस्तक वाचू नका. वाचल्यास जप्त होईल. पुढचे मात्र मी काही बोलणार नाही, असा शब्द देतो.

ज्याचे पुस्तक मी पूर्वी जप्त केले होते तो मुलगा गेल्या नाताळात परभणीच्या बसस्थानकावर भेटला. आता तिशीपलीकडचा गृहस्थ. बरोबर बायको व लहान मुलगी. त्याने वाकून नमस्कार केला आणि मुलीस सांगितले, “हे माझे भूगोलाचे सर.” मला राहवेना. ती जुनी गोष्ट काढून मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुझ्या पुस्तकाचा शेवट सांगून टाकला. तसे करावयास नको होते.”

तो हसू लागला. म्हणाला, “सर, तुम्ही पुस्तक परत दिलं ना, त्याच रात्री मी वाचून काढलं. खून मुनिमानं केलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“वकिलानं केला होता. मुखपृष्ठ नव्हतं ना त्याला, तुम्ही दुसरंच पुस्तक समजला असाल.”

मी काही वेळ गप्प राहिलो. मग विचारले, “अरे, मग दुसऱ्या दिवशी मला सांगितले का नाहीस?”

तो किंचित संकोचला. इतक्यात जिंतूरची गाडी लागली. मुलीस कडेवर घेत तो म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला परत वाचायचं असेल.”